नोंदणी सोपी झाली. निभावणी कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या उद्योजकांसाठी वृत्तपत्रांतून जो मजकूर येतो, त्यात कर्ज कोठून मिळेल, अनुदान किती मिळेल आणि कोणकोणत्या नोंदण्या कराव्या लागतील, याची माहिती असते. परंतु नोंदणीचे प्रमाणपत्र हाती पडल्यानंतर त्याच्या मागोमाग कोणती कर्तव्ये आणि कोणत्या तारखा येतात, हे फारसे कोणी सांगत नाही. यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचे एक छोटे वर्कशॉप मी माझ्या दिरांसोबत भागीदारीत चालवते. कायदा हा माझा विषय नव्हे. तो मी नोटिसा वाचत वाचत शिकले. त्यातले थोडेफार नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना आधीच ठाऊक असावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा पहिला धडा २०१८ सालचा आहे. वर्कशॉप सुरू होण्यापूर्वी मी एकटीच्या मालकीने कटिंग टूल्स विकण्याचा व्यवसाय करायचे ठरवले आणि करंट खाते उघडायला बँकेत गेले. एकल मालकीच्या व्यवसायाला त्याच्या नावाचा वेगळा पॅन नसतो, मालकाचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन. त्यामुळे असा व्यवसाय खरोखर अस्तित्वात आहे हे दाखवण्यासाठी बँका सामान्यतः दोन पुरावे मागतात. माझ्याजवळ शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा, मुंबईकडे ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात तो, एकच कागद होता. कागदपत्रे करून देणाऱ्या एजंटने सांगितले की, दुसरा पुरावा म्हणून जीएसटी नंबर काढून टाका, पुढे कामाला येईलच. नंबर आला, खाते उघडले, पण व्यवसाय काही उभा राहिला नाही. विक्रीच नाही तर कर कसला आणि विवरणपत्र तरी कशाचे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत चुकीची होती. जीएसटी नोंदणी असेपर्यंत शून्य उलाढालीचेही विवरणपत्र भरावे लागते, आणि ते इतके सोपे आहे की नोंदलेल्या मोबाइलवरून एसएमएसने भरता येते. पण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आजच्या दरांनुसार शून्य जीएसटीआर-३बीला, म्हणजे कर भरण्याच्या नेहमीच्या विवरणपत्राला, उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये आणि एका विवरणपत्रामागे जास्तीत जास्त ५०० रुपये विलंब शुल्क लागते. सलग सहा महिने विवरणपत्रे न भरल्यास अधिकारी नोंदणी रद्द करू शकतात, तशी माझीही झाली, आणि आता सुटका झाली असे मी मानले. प्रत्यक्षात नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचे असते. ते राहिल्यास केंद्र आणि राज्य मिळून दिवसाला २०० रुपये आणि कमाल १०,००० रुपये शुल्क चढते. पुढे भागीदारी संस्थेची नवी नोंदणी करताना माझ्या पॅनवरचे हे जुने लचांड समोर आले. ज्या व्यवसायात मी एक रुपयाही कमावला नव्हता, त्याच्यासाठी आधी शुल्क भरावे लागले आणि मगच पुढचे काम हलले. एजंटला मी दोष देत नाही. त्याने नंबर काढून देण्याचे पैसे घेतले होते आणि नंबर काढून दिला होता.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, जीएसटी नोंदणी आपल्याला लागते का. केवळ वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे जाईपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत ती सक्तीची नाही. यातली मेख ‘केवळ’ या शब्दात आहे. एखादा वर्कशॉपवाला स्वतःचा माल बनवून विकतो आणि जोडीला दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम, म्हणजे जॉब वर्क, करून देतो किंवा यंत्रदुरुस्तीचे पैसे घेतो. ती सेवा ठरते, आणि मग त्याची मर्यादा ४० लाखांवरून २० लाखांवर येते. शिवाय उलाढाल मोजताना करमाफ मालाची विक्रीही धरली जाते आणि एका पॅनवरचे देशभरातले सगळे व्यवसाय एकत्र मोजले जातात. परराज्यात करपात्र माल विकायचा असेल, तर, हस्तकलेच्या वस्तूंसारखे मोजके अपवाद सोडल्यास, पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. सेवेच्या बाबतीत मात्र परराज्यातील ग्राहकालाही २० लाखांची सूट आहे. मर्यादेच्या आत असतानाही स्वेच्छेने नोंदणी घेता येते, आणि आपले ग्राहक स्वतः जीएसटी नोंदणीधारक असतील तर ती घेणे शहाणपणाचेही असते, कारण त्यांना आपल्या बिलावरील कराची वजावट, म्हणजे तो स्वतःच्या देय करातून वजा करण्याची सोय, हवी असते व बिनानंबरच्या पुरवठादाराकडून ते माल घेत नाहीत. ग्राहक थेट घरगुती वापरासाठी घेणारा असेल, तर मात्र ‘असू द्या’ म्हणून नंबर घेणे म्हणजे नसते ओझे मागून घेणे होय.

उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेबद्दल थोडक्यात सांगते. दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला १ टक्का, उपाहारगृहाला ५ टक्के आणि ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यवसायाला ६ टक्के कर भरून मोकळे होता येते. मात्र हा कर ग्राहकाकडून बिलावर वेगळा घेता येत नाही, स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि माल परराज्यात विकता येत नाही. किरकोळ विक्रेत्याला ही योजना सोयीची आहे. कारखान्यांना माल देणाऱ्या आमच्यासारख्यांना ती निरुपयोगी आहे.

आता ज्या गोष्टीने नवे उद्योजक खरोखर अडचणीत येतात, तिच्याकडे वळते. जीएसटी हा ग्राहकाकडून पैसे आल्यावर भरायचा कर आहे, असे पुष्कळांना वाटते. मालाच्या बाबतीत तो बिलाच्या तारखेला देय होतो. समजा, मी मे महिन्यात ५ लाख रुपयांचा माल दिला आणि १८ टक्के दराने ९०,००० रुपये कर लावून ५,९०,००० रुपयांचे बिल केले. कच्चा माल ३ लाखांचा घेतला असेल, तर त्यावर भरलेल्या ५४,००० रुपयांची वजावट मला मिळते आणि उरलेले ३६,००० रुपये २० जूनपर्यंत सरकारजमा करावे लागतात. ग्राहक मात्र सवडीने, ऑगस्टमध्ये पैसे देतो. म्हणजे कच्च्या मालाचे पैसे माझे, कामगारांचा पगार माझा, आणि ग्राहकाने अद्याप न दिलेला करही आधी माझ्याच खिशातून जातो. उशीर झाला तर रोखीने भरायच्या रकमेवर वार्षिक १८ टक्के व्याज आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय आहे, पण त्यातही पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. विवरणपत्र तिमाही झाले म्हणून कर तिमाही होत नाही. धंदा तेजीत असताना बँक खाते रिकामे का, याचे कोडे पहिल्या वर्षी मला सुटत नव्हते, ते असे होते.

याची दुसरी बाजूही आहे. ग्राहकाने वेळेवर पैसे दिले की खात्यात जी रक्कम दिसते, त्यातला कराचा भाग आपला नसतो. तो सरकारचा असून काही दिवस आपल्याकडे ठेवीसारखा असतो. त्यातून कामगारांचा बोनस किंवा यंत्राचा हप्ता भागवला की २० तारखेला धावाधाव होते. आम्ही आता कराची रक्कम आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकतो. आमच्या वर्कशॉपमध्ये जे काही अर्थशास्त्र आहे ते एवढेच.

वजावटीच्या बाबतीतही सावध राहावे लागते. मी पुरवठादाराला करासकट पैसे दिले, एवढ्याने मला वजावट मिळत नाही. त्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले पाहिजे आणि ते माझ्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवर मला मिळणाऱ्या वजावटीच्या तक्त्यात, उमटले पाहिजे. स्वस्तात माल देणारा आणि विवरणपत्र न भरणारा पुरवठादार शेवटी महागच पडतो. उलट, मीच पुरवठादाराचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते.

ग्राहकाकडून पैसे उशिरा येतात तेव्हा उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, कामास येते. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या साहाय्याने पूर्णपणे विनामूल्य होते. सरकारी वाटावीत अशा नावांच्या खासगी संकेतस्थळांवर तिच्यासाठी पैसे घेतले जातात, ते कृपया कोणी देऊ नयेत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु मानला जातो. कर्जासाठी ही नोंदणी करणारे पुष्कळ आहेत, पण तिच्यामागे असलेल्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातील उधारीची तरतूद थोड्यांनाच ठाऊक असते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते, आणि हे व्याज ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. करारात ९० दिवस लिहून घेतले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती अशा वादांसाठीच्या राज्याच्या सुविधा परिषदेपुढे जाते.

याला आयकराची जोड मिळाल्यापासून परिस्थिती थोडी पालटली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे या मुदतीत दिले नाही तर खरेदीदाराला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील ४३बी कलमाच्या ‘एच’ या पोटकलमाने हे केले. पहिल्याच वर्षी मार्च महिन्यात आमची जुनी उधारी झपाट्याने वसूल झाली. मात्र एका मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाने, ‘तुमचे उद्यम प्रमाणपत्र बिलावर छापू नका’, असेही सुचवून पाहिले. कायद्याने हात बळकट केले तरी ऑर्डर गमावण्याची भीती कायदा घालवू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. तक्रार करायची की संबंध राखायचे, हा निर्णय दर वेळी ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. नोंदणी मात्र पहिला माल पाठवण्यापूर्वीच करून ठेवावी, नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी हक्क सांगताना वाद उद्भवतो. आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही.

भागीदारीबद्दलचा अनुभव कमी सुखाचा आहे. आम्ही मुद्रांक कागदावर भागीदारीपत्र केले, त्यावर पॅन आणि जीएसटी नंबर मिळाला, आणि संस्था ‘रजिस्टर’ झाली असे धरून चाललो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे होणारी नोंदणी ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. ती सक्तीची नाही, म्हणूनच राहून जाते. पण त्या कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार नोंदणी नसलेली संस्था करारातील येणे वसूल करण्यासाठी त्रयस्थ व्यक्तीवर दावा लावू शकत नाही, आणि दावा लावल्यानंतर केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही. समोरचा मात्र आपल्यावर खुशाल दावा लावू शकतो. एका ग्राहकाने पैसे बुडवले तेव्हा वकिलांनी आमच्याकडे पहिला कागद मागितला तो हाच, आणि तो आमच्याकडे नव्हता. सुदैवाने दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत शिल्लक होती, म्हणून आधी नोंदणी आणि मग दावा असा क्रम लावता आला. भाऊ, दीर, मित्र यांच्याबरोबर भागीदारी करणारे ‘आपापसात कागद कशाला’ म्हणतात. पण हा कागद भागीदारांवरील अविश्वासाचा नसून बाहेरच्यांकडील येण्यासाठीचा आहे.

एकल मालकी आणि भागीदारी या दोन्हींत धंद्याचे कर्ज मालकांच्या घरादारापर्यंत येऊ शकते, हे खरे आहे. त्यापासून आडोसा हवा असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, किंवा खासगी मर्यादित कंपनी आहे. परंतु केवळ व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापता यावे म्हणून कंपनी काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, कंपनीला उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि कंपनी निबंधकांकडील विवरणपत्रे अटळ आहेत. एलएलपीला ४० लाखांपर्यंत उलाढाल आणि २५ लाखांपर्यंत भांडवल असेल तर लेखापरीक्षणाची सक्ती नाही, मात्र वार्षिक विवरणपत्रे तिलाही आहेत.

आयकरात लहान व्यावसायिकासाठी सर्वांत सोयीची तरतूद म्हणजे अनुमानित उत्पन्नाची. १ एप्रिल २०२६ हा अमलाचा दिवस ठरलेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, पण लोक ती ‘४४एडी’ म्हणूनच ओळखतात. दोन कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर तीन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यक्तीला किंवा भागीदारी संस्थेला, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरून कर भरता येतो. एलएलपीला, कंपनीला आणि दलाली किंवा कमिशनच्या उत्पन्नाला ही सवलत नाही. अग्रिम कर चार हप्त्यांऐवजी एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. यावरून ‘मग हिशेब ठेवायची गरज नाही’ असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो जीएसटी नोंदणीधारकाला लागू पडत नाही, कारण त्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय एकदा ही पद्धत स्वीकारून पाच वर्षांच्या आत तिच्यातून बाहेर पडल्यास पुढची पाच वर्षे ती मिळत नाही. ज्यांना पहिल्या एकदोन वर्षांत तोटा दिसणार आहे, त्यांनी हा विचार आधीच करावा.

सर्वांत विस्मरणात जाणारा कर म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने तो आहे आणि राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरवली आहे. मालकाने, आणि भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराने, पीटीईसी क्रमांक घेऊन तो ३० जूनपर्यंत भरायचा असतो. पगारी माणसे ठेवल्यास त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी पीटीआरसी हा दुसरा क्रमांक लागतो. रक्कम लहान असल्याने कोणी आठवण करून देत नाही आणि मग चार वर्षांची बाकी व्याजासह एकदम येते. शॉप ॲक्टविषयी उलटे आहे. त्याची भीती उगाच बाळगली जाते. २०१७ च्या कायद्याने कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन माहिती देणे पुरेसे ठरवले. पण त्या पावतीवर दुकानाचे नाव आले म्हणजे ते नाव आपल्या मालकीचे झाले, असे मात्र नाही. नावाचे संरक्षण हवे असेल तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते.

शासनाकडे माझी मागणी मोठी नाही. जीएसटी, उद्यम आणि व्यवसाय कर यांचे प्रमाणपत्र ज्या क्षणी निघते, त्याच क्षणी त्याच्यासोबत मराठीत एक पान द्यावे: या नंबरामुळे तुम्हाला काय मिळाले, दर महिन्याला व दर वर्षी कोणत्या तारखेला काय भरायचे आहे, विक्री नसेल तर काय करायचे, आणि व्यवसाय बंद करायचा असेल तर नंबर कसा परत करायचा. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नोंदणीच्या अर्जाची वाट दाखवणारे पदोपदी भेटतात आणि नंबर परत करण्याची वाट माणसाला नोटीस आल्यावर शोधावी लागते. तोपर्यंत आपल्या दैनिकाने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या महिन्यातील करभरणा व विवरणपत्रांच्या तारखांची एक छोटी चौकट छापली, तर आमच्या वर्कशॉपमध्ये ती कात्रण करून भिंतीवर लावली जाईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक लघुउद्योजक वाचक